झाडावरचं ब्रह्मकमळ: कोल्हापूरच्या बागांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आषाढात आमच्या दारातल्या चाफ्यावर रात्री फुलं उमलतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू होतात. 'झाडावर कसं काय?' पासून 'आम्हाला एक पान द्या' पर्यंत तेच प्रश्न दर वर्षी येतात. म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी वनस्पतीशास्त्र शिकलेली नाही. जे लिहिलंय त्यातलं निम्मं वाचून कळलं आणि उरलेलं झाडं मारून.

हे खरं ब्रह्मकमळ आहे का हो?

नाही. पण 'ब्रह्मकमळ' म्हणणं सोडा असंही मी सांगणार नाही, कारण कोल्हापुरात दुसऱ्या नावानं विचारलंत तर नर्सरीवाला तुमच्याकडे बघतच राहील. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. ते सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातलं, ३,००० मीटरच्या वर उगवणारं, उत्तराखंडचं राज्यफूल. केदारनाथ-बद्रीनाथला वाहतात ते. त्याच्या पाकळ्या वाटतात त्या खरं तर फुलांच्या गुच्छाभोवतीची फिकट, पातळ पानं असतात. आपल्या दारातलं फूल म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेला निवडुंग. काही जण त्याला निशागंधी म्हणतात आणि ते नाव त्याला जास्त शोभतं.

कुणी 'हिमालयातल्या ब्रह्मकमळाच्या बिया' विकायला आलं तर पैसे खिशातच ठेवा. ती बी रंकाळ्याच्या काठावर रुजून फुलेल ही आशा सोडा.

निवडुंग म्हणता, मग काटे कुठं आहेत? आणि वाळवंटातलं झाड आमच्या पावसात कसं जगतं?

हा वाळवंटातला निवडुंग नाही, जंगलातला आहे. मूळ देशात तो दमट जंगलात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, बेचक्यात साठलेल्या कुजक्या पाल्यात, नाहीतर खडकांच्या कपारीत वाढतो. जमिनीशी त्याचं फारसं देणंघेणं नसतं. मोठ्या फांद्यांवर काटेही नसतात.

आपण ज्याला पान म्हणतो ते पान नाहीच, ते चपटं झालेलं खोड आहे. त्याच्या कडेला खाचा असतात, प्रत्येक खाचेत एक बारीक डोळा असतो, आणि नवी फूट असो की कळी, त्या डोळ्यातूनच निघते. १८१२ साली हॉवर्थ नावाच्या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञानं या वंशाला नाव दिलं तेव्हा ग्रीकमधल्या 'वर' आणि 'पान' या दोन शब्दांची सांधेजोड केली, म्हणजे पानावर उमलणारं. फसगत नावातच बसली आहे. त्यामुळे आपण 'पान द्या' म्हणतो त्यात लाजण्यासारखं काही नाही. मीही पुढं सोयीसाठी कधी पान, कधी फांदी म्हणणार आहे.

हे बांडगूळच झालं की! आमचा आंबा वाळेल ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय, एकदा तर हातात कोयता घेऊन आलाय. आमच्या शेजारचे अण्णा मूळचे शेतकरी. त्यांच्या बांधावरचा आंबा बांडगुळानं खाल्लेला त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. आमच्या आंब्यावर हिरवं काहीतरी लोंबतंय म्हटल्यावर ते कुंपणावरून म्हणाले, "वहिनी, आत्ताच छाटून टाकतो, परत गावायचं न्हाई."

मी त्यांना शिडीवर चढवलं आणि एक मूळ नखानं उचलून दाखवलं. बांडगुळाची बी चिकट असते, फुलटोच्यासारखे पक्षी ती फांदीवर पुसून जातात, आणि मग ते सालीतून आत घुसून झाडाचं पाणी आणि क्षार ओढतं. ते जीवोपजीवी. ब्रह्मकमळाचं मूळ सालीवर नुसतं चिकटलेलं असतं, हलक्या हातानं ओढलं की सुटून येतं, आणि खाली साल जशीच्या तशी असते. ही अपिवनस्पती. भाडेकरू म्हणा, तीही स्वतःचा डबा घेऊन आलेली. पाऊस, हवेतला ओलावा, सालीवर साठलेला पालापाचोळा यावर तिचं भागतं. आपल्याकडच्या आंब्यावर दिसणाऱ्या आमऱ्या, म्हणजे ऑर्किड, अशाच राहतात.

नुकसान होतं ते आपल्या हातून. तारेनं बांधलं की दोन-तीन वर्षांत तार सालीत रुतते आणि फांदी त्याच्या वर वाळते. खिळा मारला की तिथून कीड शिरते. वेल फार जड झाली आणि फांदी ठिसूळ असली की वळवाच्या वाऱ्यात दोन्ही खाली. अण्णांनी खाली उतरल्यावर कोयता कमरेला लावला आणि "एक पान आमच्यासाठी ठेवा" म्हणाले.

कुंडीत चांगलं चाललंय, मग झाडावर कशाला चढवायचं?

चालत असेल तर चालू द्या. पण बहुतेक कुंड्यांत मी बघते ते असं: काळी माती, खाली बशी, रोज सकाळी तांब्याभर पाणी. काळी माती पाणी धरून बसते, मुळं गुदमरतात आणि पानं पिवळी पडतात. मग माणूस अजून पाणी घालतो. झाडावर ही चूक करताच येत नाही, कारण पाणी थांबायला जागाच नसते. शिवाय या झाडाला मुळं आखडलेली असली की फुलं जास्त येतात.

माझ्या बहिणीच्या घरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरलं. पूर ओसरल्यावर अंगणातल्या साऱ्या कुंड्यांत गाळ बसला होता आणि महिन्याभरात एकेक करत त्यातली सगळी ब्रह्मकमळं सडली. चिकूच्या बेचक्यात, डोक्याच्या वर बांधलेलं एकच वाचलं. आज तिच्या घरी आहेत ती सगळी त्या एकाची लेकरं.

कोणत्या झाडावर बांधावं?

सगळा खेळ इथंच जिंकला किंवा हरला जातो. खत-पाण्याचं कमीजास्त चालतं, झाड चुकलं तर काही चालत नाही. तीन गोष्टी बघा: साल खडबडीत आणि न सोलटणारी हवी, फांदी दणकट हवी आणि सावली विरळ हवी.

माझी पहिली पसंती पांढरा चाफा. थंडीत त्याची पानं गळतात, त्यामुळे हिवाळ्याचं मऊ ऊन ब्रह्मकमळाला भरपूर मिळतं आणि त्याच उजेडावर पुढच्या कळ्यांची तयारी होते. पावसात चाफा पुन्हा पानांनी भरतो. अडचण एकच, ऐन चैत्र-वैशाखात त्याची सावली अपुरी पडते, तेव्हा जुन्या साडीचा आडोसा करावा लागतो. तुमच्याकडे मोठा आंबा, फणस किंवा चिकू असेल तर तेही उत्तम. मात्र या झाडांची सावली दाट असते, म्हणून आत खोडाशी न बांधता थोडं बाहेर, उजेड झिरपतो तिथं बांधा. बकुळ, उंबर चालतात. नारळाच्या खोडावर छान पकड घेतं, पण वरून झावळी पडली की दोन वर्षांची वाढ एका क्षणात जमिनीवर येते.

पेरू नको. पेरू दर वर्षी साल टाकतो. मी पहिलं ब्रह्मकमळ पेरूवरच बांधलं होतं. मुळांनी सुंदर पकड घेतली आणि दिवाळीच्या आसपास साल पापुद्र्यासारखी सुटली, तिच्याबरोबर सगळी मुळंही. निलगिरीचं तेच. शेवग्याची फांदी वाऱ्यात कधी मोडेल सांगता येत नाही, शिवाय पावसाळ्यात त्यावर केसाळ सुरवंटांची जत्रा भरते, तिथं रात्री फूल बघायला कोण उभं राहणार? गुलमोहरही ठिसूळ. वड-पिंपळाला हात लावू नका, त्यांची स्वतःचीच मुळं याला गिळतील.

झाडाच्या कोणत्या बाजूला आणि किती उंचीवर?

पूर्वेला किंवा ईशान्येला. सकाळचं ऊन मिळतं, दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन चुकतं. दुसरा फायदा पावसातला. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, तेव्हा पूर्वेची बाजू भिजते पण झोडपली जात नाही.

उंची डोक्याच्या किंचित वर ठेवा, पाच-सहा फूट. फुलं बाहेर झुकतात, त्यामुळे उभ्या माणसाच्या चेहऱ्यासमोर येतात. फार वर बांधलंत तर रात्री अकराला शिडी लावावी लागते, आणि ते मी केलंय.

कधी बांधायचं?

मिरगाच्या तोंडावर. मेच्या शेवटी एक-दोन वळीव पडून गेले की साल ओलसर होते, उन्हाचा जोर मोडतो आणि पुढं चार महिने पाणी घालायचं काम वरूनच होतं. दिवाळीनंतर बांधलेली फांदीही जगते, पण मुळं धरेपर्यंत उन्हाळा येतो आणि तुम्ही फवारा घेऊन पळत राहता.

फांदी कशी तयार करायची? नुसतं पान बांधलं तर चालेल?

चालेल, पण थोडा धीर धरा. जुनं, जाड, गडद हिरवं पान निवडा. कोवळं, पोपटी नको. वीतभर लांबीचा तुकडा कापा आणि खालचं टोक कोणतं ते लक्षात ठेवा. उलटं लावलं तर ते रुसतं. खालच्या टोकाला मी कापताना तिरका छेद देते, म्हणजे गोंधळ होत नाही. मग तो तुकडा सावलीत, वर्तमानपत्रावर, आठवडाभर तसाच पडू द्या. छेद वाळून त्यावर खपली धरली पाहिजे. ताजा छेद ओल्यात गेला की कुजतो. बहुतेकांचं इथंच फसतं, कारण कापलेलं पान आठवडाभर नुसतं पडून ठेवायचं हे हाताला पटत नाही.

खपली धरल्यावर दोन वाटा आहेत. सरळ झाडावर बांधा, किंवा आधी छोट्या डब्यात मुळं फुटू द्या आणि मग बांधा. मी आता दुसरीच वाट धरते. मार्चमध्ये चार-पाच तुकडे एकत्र लावायचे, तीन-चार आठवड्यांत मुळं येतात, आणि मिरगापर्यंत हाताशी बऱ्यापैकी गड्डा असतो.

बांधायला जुन्या सुती साडीच्या बोटभर पट्ट्या किंवा सुतळी. सुतळी एक-दीड वर्षात कुजून गळते हा तिचा दोष नव्हे, गुण आहे. तोवर मुळांनी पकड घेतलेली असते आणि झाडाच्या गळ्याला फास राहत नाही. पट्टी मुळांच्या गड्ड्यावरून गुंडाळा, पानांवरून नको. बांधून झाल्यावर पान हलवून बघा: बुडखा हलला तर पुन्हा बांधा. हलत्या फांदीला मुळं धरत नाहीत.

मुळांशी काय भरायचं? माती?

माती अजिबात नको. नारळाची सोडणं घ्या. अंबाबाईच्या गावात नारळाला काय तोटा? सोडणाचा वाटीसारखा तुकडा, आत काथ्याचा भुगा, कोळशाचे चार तुकडे, मूठभर जुनं पालापाचोळ्याचं खत. हा सगळा पसारा बेचक्यात बसवून पट्टीनं आवळायचा. नर्सरीत मिळणारं महागडं मॉस लागत नाही.

एक कोल्हापुरी चूक सांगते. गुऱ्हाळातलं चिपाड फुकट मिळालं म्हणून मी ते भरलं होतं. ताज्या चिपाडात साखर शिल्लक असते. दोन दिवसांत ते आंबलं, तिसऱ्या दिवशी खोडावर मुंगळ्यांची रांग, आणि मुंगळे मागोमाग पिठ्या ढेकूण घेऊन आले. चिपाड वापरायचंच असेल तर वर्षभर पावसात भिजून काळं पडलेलं वापरा.

पाणी किती?

कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत तुम्हाला काहीच करायचं नाही. लोक पावसाची धास्ती घेतात, पण इथल्या झाडावरच्या ब्रह्मकमळाची खरी परीक्षा असते मार्च ते मे. कुंडीत थोडीतरी ओल शिल्लक असते, झाडावर काही नसतं. हा निवडुंग दिवसा छिद्रं मिटून ठेवतो आणि रात्री उघडतो, म्हणून तग धरतो. तरी पहिले दोन उन्हाळे जपावे लागतात. दिवस मावळताना मुळांच्या गड्ड्यावर आणि आजूबाजूच्या सालीवर चांगलं फवारायचं. पारा ३७-३८ वर गेला की रोज, नाहीतर दिवसाआड. पान चिमटीत धरून बघा. रबरासारखं लवचीक आणि सुरकुतलेलं लागलं तर तहान लागली आहे. एका फवाऱ्यानं नव्हे, तीन-चार दिवसांत ते पुन्हा फुगतं.

थंडीत हात आखडता घ्या. आठवड्यातून एकदा पुरे. बोअरचं पाणी क्षारट असेल तर पानांवर पांढरे डाग पडतात. त्यानं झाड मरत नाही, फक्त दिसायला वाईट.

खत कोणतं?

जेवढं कमी तेवढं बरं. शेणाचं पाणी चहाइतकं पातळ करून महिन्यातून एकदा, होळीपासून गणपतीपर्यंत. आणखी एक सोपी युक्ती: कुजलेल्या खताची छोटी पोटली मुळांच्या वर फांदीला टांगायची, पावसाचं पाणी त्यातून झिरपत खाली येतं. युरियाचा दाणाही दाखवू नका. पानं हत्तीच्या कानाएवढी होतील आणि फूल एकही येणार नाही.

तीन वर्षं झाली, पानंच पानं, फूल नाही. काय चुकलं?

शंभरातल्या नव्वद वेळा उजेड कमी पडतो. 'सावलीतलं झाड' ऐकून लोक त्याला अंधारात टाकतात. दुपारी त्या जागी उभं राहून वर्तमानपत्र आरामात वाचता आलं पाहिजे आणि अंगावर उन्हाचे कवडसे पडले पाहिजेत. पानांवर हलकीशी तांबूस झाक आली तर उजेड भरपूर आहे असं समजा. पिवळीफटक पडली तर जास्त झाला. दाट आंब्याखाली असेल तर झाडाच्या वरच्या एक-दोन बारीक फांद्या विरळ करा.

उरलेल्या दहा वेळा वय कमी असतं. कोवळ्या पानापासून केलेलं रोप फुलायला तीन-चार वर्षंही घेतं. जून पानाचं दोन पावसाळ्यांत फुलू शकतं. आणि तरीही नाही आलं तर थंडीत पाणी खरोखर कमी करून बघा.

मधूनच लांबच लांब गोल काठ्या निघतात. छाटू का?

नका छाटू! त्या काठ्या म्हणजे या वेलीचे हातपाय. त्या चार-पाच फूट वर जातात आणि त्यांच्या शेंड्याला, कडेला चपटी पानं फुटतात, ज्यांवर पुढं फुलं येतात. झाडावर त्या आपोआप दुसऱ्या फांदीला टेकतात. कुंडीवाले त्यांना वैतागतात, झाडावाल्यांना त्यांची गरज असते. छाटायचंच असेल तर पावसाळा संपल्यावर, सुकलेली आणि बारा वेळा फुलून थकलेली पानं तेवढी काढा.

कळ्या येतात पण गळून पडतात.

कळी धरल्यावर काहीही बदलू नका. कुंडी फिरवू नका, अचानक खत देऊ नका, कोरडं पडू देऊन मग एकदम पाणी ओतू नका. झाडावरच्या वेलीत हा त्रास मुळात कमी, कारण तिला हलवायची सोयच नसते. एका पानावर आठ-दहा कळ्या आल्या तर त्यातल्या दोन-तीन झाड स्वतःच टाकतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

कोणत्या रात्री फुलणार ते आधी कसं कळतं?

सुरुवातीला खाचेतून तांबूस टोक डोकावतं. ते नवं पान आहे की कळी, हे पहिले काही दिवस मलाही सांगता येत नाही. मग देठ लांबत जातो आणि कळी खाली लोंबायला लागते. साधारण तीन-चार आठवडे ती अशीच वाढत राहते. शेवटच्या दोन-तीन दिवसांत देठ वळून वर उचलला जातो, हंसाच्या मानेसारखा, आणि कळी टपोरी होते.

ज्या दिवशी दुपारी कळीचं टोक किंचित सैल दिसेल आणि बाहेरच्या तांबूस, बारीक पाकळ्या एकमेकींपासून सुटायला लागतील, ती रात्र पक्की. सातच्या सुमारास टोकाला करंगळी जाईल एवढं भोक पडतं. साडेआठला वाटीएवढं. नीट बघत राहिलात तर पाकळी हलताना दिसते, आधी एक थरथरते आणि मग झटका दिल्यासारखी सुटते. दहा-अकराच्या दरम्यान फूल पूर्ण उघडतं, ताटलीएवढं, आणि वास फाटकापर्यंत जातो. आत पांढऱ्या दांड्यावर चांदणीसारखं टोक आणि भोवती पिवळसर पुंकेसरांची झालर. कुणाला त्यात शेषशायी विष्णू दिसतो. आमच्या सासूबाई निरांजन घेऊन यायच्या, मी मोबाइल घेऊन जाते. फोटो काढताना बॅटरी समोरून न मारता बाजूनं धरा, नाहीतर फूल पांढऱ्या कागदासारखं येतं.

पौर्णिमेलाच फुलतं असं बरेच जण सांगतात. मी पाच वर्षं कॅलेंडरवर खुणा केल्या. पौर्णिमेला फुललं, अमावस्येलाही फुललं. गल्लीतल्या चार घरी एकाच रात्री फुलतं यात मात्र तथ्य आहे, आणि गूढ काही नाही: चौघांकडचं झाड एकाच मूळ झाडाच्या पानांपासून झालेलं असतं आणि पाऊस-ऊन सगळ्यांना सारखंच.

कीड काय लागते?

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड, दोन्ही खाचांमध्ये. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा. पण आधी खोडावरच्या मुंग्यांचा रस्ता तोडा, नाहीतर त्या कीड परत आणून बसवतात. पावसाळ्यात गोगलगायी कोवळी फूट आणि कळ्या खातात. त्यांना औषध नको. रात्री नऊला बॅटरी घेऊन जा, हातानं वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. पन्हाळ्याकडच्या मंडळींना वानरांचा त्रास होतो, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. पानावर करडे, बुचासारखे डाग पडून तिथंच थांबले असतील तर दुर्लक्ष करा. डाग काळा, ओला आणि पसरता असेल तर त्याच्या दोन बोटं खाली स्वच्छ सुरीनं कापून टाका.

रस्त्याकडेच्या झाडावर किंवा राधानगरीच्या जंगलात बांधलं तर?

दोन्ही नको. शहरातली झाडं १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्याखाली येतात आणि त्यांची देखभाल महापालिकेकडे आहे. विचारल्याशिवाय त्यांना खिळे-दोऱ्या लावू नयेत. जंगलाबद्दल मी जास्त कडक आहे. राधानगरी, आंबा घाट, चंदगडच्या झाडांवर सीतेच्या वेणीसारख्या आपल्याच आमऱ्या राहतात. तिथं परदेशी पाहुणा नेऊन बसवायचा नाही, आणि तिथल्या आमऱ्या ओरबाडून आपल्या चाफ्यावर आणायच्या नाहीत. गेल्या पावसाळ्यात एकानं मोठ्या कौतुकानं तशी आमरी दाखवली. मी चहासुद्धा घेतला नाही.

लाल, गुलाबी फुलांचे एपिफायलम मिळतात. ते झाडावर येतील?

ते संकर आहेत, त्यांत मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या नातेवाइकांचं रक्त आहे. फुलं दिवसाही उघडी राहतात, दोन-तीन दिवस टिकतात, वास मात्र जवळपास नाहीच. त्यांना कळ्या धरायला थंड रात्री लागतात. आपल्याकडे पारा १० च्या खाली क्वचितच जातो आणि उन्हाळा त्यांना सोसत नाही. माझ्याकडचा लाल संकर सहा वर्षांत दोनदा फुलला. माशाच्या काट्यासारख्या पानांचा एक प्रकार मिळतो, तो मात्र झाडावर मजेत राहतो, आणि फूल नसतानाही लोक थांबून बघतात.

मग ड्रॅगन फ्रूटच चढवू का? फळ तरी मिळेल.

ते याचंच नातलग, फूलही हुबेहूब. गुजरात सरकारनं २०२१ मध्ये त्याचं 'कमलम' असं बारसं केलं, म्हणजे निवडुंगाला कमळ म्हणायची हौस फक्त आपल्याला नाही. पण ते खादाड आणि जड आहे. जत-सांगोल्याकडे ते सिमेंटच्या खांबावर चढवतात ते उगीच नव्हे. घरच्या आंब्यावर सोडलंत तर काही वर्षांत आंबा शोधावा लागेल.

ब्रह्मकमळाला फळ येतं का?

आपल्याकडे क्वचित. मूळ देशात रात्री उडणारे मोठे पतंग त्याचं परागीभवन करतात. इथं ते झालं नाही की फूल नुसतंच गळतं. रोपं पानापासून इतकी सहज होतात की बियांच्या मागे लागायचं कारण नाही.

सकाळी लोंबणाऱ्या फुलांचं काय करायचं?

उजाडायच्या आत फूल मान टाकतं आणि सकाळी ओल्या रुमालासारखं लोंबतं. दोन-तीन दिवसांत देठासकट आपोआप पडतं; पाऊस लागून राहिला असेल तर आधीच तोडा, नाहीतर बुरशी पानावर उतरते. चीनमध्ये ही फुलं सुपात घालतात असं वाचून मी एकदा त्यांची भजी केली. भेंडीपेक्षा बुळबुळीत झाली. घरच्यांनी एकेक खाल्लं आणि मिसळीचा विषय काढला.